गळू म्हणजे गाठ नव्हे

फोंड्याच्या एका वाचकांना रुग्णांसाठीचं माहितीपत्रक मराठीत आणायचं आहे. त्यांचा प्रश्न: 'ॲब्डॉमिनल ॲब्सेस'ला 'पोटातील गाठ' चालेल का, आणि 'ड्रेनेज'ला काय म्हणावं?

गाठ? मुळीच नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या मामांची सोनोग्राफी झाली. वॉर्डातलं कोणीतरी 'पोटांत गांठ आसा' म्हणून गेलं आणि मामीने डिचोलीपासून मडगावपर्यंत सगळ्यांना रडत फोन लावले. गाठ म्हटलं की आपल्याकडे एकच आजार डोळ्यांपुढे येतो. होतं काय, तर यकृतात पू साचला होता. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई घातली, तिच्या वाटेने टोकाला वेटोळं असलेली बारीक नळी सरकवली (तिचं नावच पिगटेल, डुकराचं शेपूट), आणि तिसऱ्या दिवशी मामा पेज मागत होते.

तेव्हा सरळ 'पोटातलं गळू' लिहा. 'अंतर्विद्रधी' हा शब्द सुश्रुतापासून आहे, पण तो वाचून रुग्ण आणखी घाबरेल.

आता 'गळू' कुठून आला? 'गळतं ते गळू' असं सांगणारे जाणकार मला दर वर्षी भेटतात. अहो, गळू फुटेपर्यंत गळत नाही, आणि गळून गेल्यावर ते गळू राहत नाही! मला विचाराल तर मूळ संस्कृत 'गडु', म्हणजे अंगावरचा उंचवटा, आवाळू. गुडाचा गूळ झाला, षोडशचे सोळा झाले, मग गडूचं गळू व्हायला कोणाची हरकत? शिवाय संस्कृतात 'अंतर्गडु' असा शब्द आहे. शब्दशः आतलं गळू, पण अर्थ निरुपयोगी, उगाच मध्ये आलेलं. 'गळणे'वाल्यांची व्युत्पत्ती मी त्याच खात्यात टाकतो.

आणि गळू 'पिकतं', हे विसरू नका. सुश्रुताच्या सूत्रस्थानात 'आमपक्वैषणीय' नावाचा अख्खा अध्याय आहे: सूज कच्ची की पिकलेली, हे ओळखायचं कसं. कच्चं कापणारा आणि पिकलेल्याकडे काणाडोळा करणारा, दोघांनाही तो सडकून बोलतो. आत पातळ झालंय का, सुई कुठून घालावी, आतडं वाटेत येतं का, हे आज सोनोग्राफी नाहीतर सीटी स्कॅन दाखवतो. प्रश्न तोच.

पण खरी गंमत 'पू'मध्ये आहे. 'पू म्हणू नका हो, पस म्हणा, बरं वाटतं' असं मला एका सुशिक्षित बाईंनी सुनावलं होतं. बाई, इंग्रजांचा 'पस' लॅटिनमधून आला, आणि लॅटिनचा तो शब्द, ग्रीकांचा 'प्यूऑन' (डॉक्टरांच्या 'पायोजेनिक', म्हणजे पू करणारा, या शब्दातला) आणि आपला 'पूय' ही एकाच घरातली भावंडं. म्हणजे तुम्ही साता समुद्रांपलीकडून आपलाच पू आयात करता. संस्कृत क्रियापदांच्या मूळ धातूंची जुनी यादी, म्हणजे धातुपाठ, म्हणतो, 'पूयी विशरणे दुर्गन्धे च'. विरघळून सुटणं आणि घाण वास येणं, असे दोन अर्थ.

हे दोन अर्थ प्रयोगशाळेत वेगवेगळे भेटतात, हे मला मामांच्या नळीला लावलेल्या पिशवीपाशी उभं राहून कळलं. आतड्यातले बॅक्टेरॉइड्ससारखे विनाप्राणवायू जगणारे जंतू असले की सिरिंज उघडताच नाक धरावं लागतं. सोबत बहुधा ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला असतातच. मामांच्या पिशवीत मात्र चॉकलेटी, दाट आणि जवळजवळ बिनवासाचं काहीतरी होतं. ते अमीबाचं काम. खरं तर तो पूच नव्हे, विरघळलेलं यकृत! धातुपाठातलं नुसतं 'विशरण', दुर्गंध नाही. पुस्तकं त्याला 'अँकोव्ही सॉस'ची, म्हणजे एका छोट्या माशाच्या सॉसची, उपमा देतात. मासे खाऊन वाढलेल्या आमच्या गोव्यातही तो सॉस कोणी पाहिलेला नाही. अमीबा गळूच्या भिंतीला धरून बसतो, त्यामुळे काढलेल्या द्रवात पुष्कळदा सापडत नाही. मग रक्ताची तपासणी करून त्याचा माग काढतात.

पत्रकात आणखी एक चूक होऊ देऊ नका. ई. कोलाय 'विषाणू' नाही, जिवाणू आहे. वर्तमानपत्रं रोज घोळ घालतात, तुम्ही घालू नका. आणि 'पुवाचा नमुना कापसावर टिपून घ्यावा' असं जुन्या पत्रकात असेल तर ते खोडा. नमुना सिरिंजमध्ये, हवा काढून, लगेच प्रयोगशाळेत. हवा लागली की ते बॅक्टेरॉइड्स मरू शकतात आणि अहवालात दिसतच नाहीत. 'कल्चर'ला (नमुन्यातले जंतू वाढवून बघणं) 'संवर्धन' लिहायचं असेल तर लिहा, मी 'कल्चर'च लिहीन.

हां, ड्रेनेज. 'निचरा' शेतातल्या पाण्याचा. इथे 'नळी घालून पू काढणे' पुरे.