मँचेस्टरहून, गाडी नसताना, पीक डिस्ट्रिक्टमध्ये फुकट काय काय बघता येईल?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: मँचेस्टरला राहता, गाडी नाही, मुलं ६ आणि १० वर्षांची, जूनमध्ये आई-बाबा भारतातून येणार, आणि तिकिटांवर फार खर्च नको.

पहिली गोष्ट, गाडी नाही हे इथे चांगलंच आहे. पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानातले डोंगर, दऱ्या, पायवाटा यांना प्रवेशशुल्क नाही. पैसे जातात पार्किंगमध्ये, आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी उशिरा पोहोचलात तर जागाही मिळत नाही. रेल्वे मात्र थेट पायथ्याशी सोडते. मँचेस्टर पिकॅडिली ते शेफील्ड या होप व्हॅली लाइनवर ईडेल, होप, हॅदरसेज, ग्राइंडलफर्ड ही स्टेशनं आहेत. थांबत जाणारी गाडी घ्या, बहुतेक जलद गाड्या इथे थांबत नाहीत. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढा. एका कार्डावर ४ मोठे आणि ४ मुलं जातात, मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सूट मिळते. आजी-आजोबांसकट तुमचं सगळं कुटुंब एकाच कार्डात बसतं.

एकच दिवस मिळणार असेल तर मुलांना घेऊन ईडेल ते होप चाला. ईडेलला उतरल्यावर स्टेशनजवळच्या स्वच्छतागृहात जाऊन घ्या, कारण पुढे डोंगरावर काहीच नाही. दक्षिणेकडच्या धारेवर हॉलिन्स क्रॉस नावाची खिंड दिसते, आधी तिथवर चढा. तिथून उजवीकडे वळून मॅम टॉर (५१७ मीटर). वरच्या वाटेवर फरसबंदी आहे आणि माथ्याभोवती प्राचीन डोंगरी किल्ल्याचे मातीचे तट अजून ओळखू येतात. मग त्याच वाटेने हॉलिन्स क्रॉसला परत, आणि धार न सोडता पूर्वेला बॅक टॉर आणि लूज हिल (४७६ मीटर) करून होपला उतरायचं. एकूण साधारण ११ किलोमीटर. मुलांबरोबर पाच तास धरा. अवघड जागा एकच, बॅक टॉरची चढण. ती छोटी पण उभी आहे आणि मुरूम घसरतो, म्हणून धाकट्याचा हात धरा. होप स्टेशन गावात नाही, गावाच्या पूर्वेला आहे. परतीच्या गाडीआधी ती वीसेक मिनिटं हाताशी ठेवा. रेल्वेचं तिकीट जाता-येता होपपर्यंतचंच काढा, ईडेल वाटेतच लागतं.

मुलं दमली तर हॉलिन्स क्रॉसहून ईडेलला उलटं उतरा. किंवा दुसरीकडे कॅसलटनला उतरून मॅम टॉरखालचा मोडका रस्ता दाखवा. डोंगर सतत सरकतो, त्यामुळे हा हमरस्ता १९७९ मध्ये कायमचा बंद करावा लागला. डांबराचे दुभंगलेले थर जिन्यासारखे खाली गेलेले दिसतात. भूगोलाचा धडा इतक्या जवळून क्वचित मिळतो. कॅसलटनच्या गुहांना मात्र तिकीट आहे, आणि कॅसलटनला रेल्वे नाही. होपपर्यंत बस किंवा पायी यावं लागतं.

आई-बाबांना हा डोंगर नको, त्यांना बक्स्टनला न्या. मँचेस्टरहून थेट गाडी आहे, साधारण तासाभराची. क्रेसेंट या अर्धवर्तुळाकार इमारतीसमोर सेंट ॲन्स वेल आहे. तिथे सुमारे २७ अंशांचं कोमट झऱ्याचं पाणी अखंड वाहतं. बाटल्या न्या आणि फुकट भरा. शेजारचे पॅव्हिलियन गार्डन्सही मोफत आहेत, बाक भरपूर आणि वाट सपाट.

दुसरा दिवस मॉन्साल ट्रेलचा ठेवा. बक्स्टनहून बेकवेलला बस मिळते. ट्रेल म्हणजे १९६८ मध्ये बंद झालेला रेल्वेमार्ग, १३.७ किलोमीटर, जवळजवळ सपाट, बाबागाडी किंवा व्हीलचेअरही जाते. आतले बोगदे २०११ मध्ये खुले झाले. बेकवेलकडून सुमारे पाच किलोमीटरवर हेडस्टोन बोगदा लागतो, आणि त्यातून बाहेर पडताच तुम्ही थेट वाय नदीवरच्या उंच पुलावर असता. बोगद्यात दिवसा दिवे असतात, पण जूनमध्येही गारठा असतो आणि छतातून पाणी ठिबकतं. आजी-आजोबांचे स्वेटर विसरू नका. तेवढं चालणं झेपणार नसेल तर वाटेतल्या हॅसॉप स्टेशनच्या कॅफेवरून मागे फिरा.

जूनमध्ये येताय तर वेल ड्रेसिंग चुकवू नका. विहिरी आणि झरे फुलांच्या चित्रांनी सजवण्याची डर्बीशर परगण्याची ही जुनी प्रथा आहे आणि रांगोळीत रमणाऱ्या आईंना ती नक्की आवडेल. लाकडी पाट पाण्यात भिजवतात, त्यावर मीठ मिसळलेली ओली माती थापतात, कागदावरचं चित्र टोचून उतरवतात, बिया किंवा शंकूंनी कड आखतात आणि मग पाकळ्या दाबत जातात. पाकळ्या खालून वर लावायच्या, एकीवर एक चढवून, कौलांसारख्या, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून जातं. चित्र आठवडाभर टिकतं, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत पाहावं. नंतर रंग काळवंडतात. गावागणिक तारखा वेगळ्या असतात. टिसिंग्टनचं असेन्शन डे या ख्रिस्ती सणाला म्हणजे बहुधा मेमध्ये असतं, टाइड्सवेलचं जूनमध्ये, बक्स्टनचं जुलैमध्ये. पाहायला पैसे नाहीत, पण दानपेटीत काहीतरी जरूर टाका, कारण हे सगळं काम गावकरी स्वतः करतात.

डोंगरांत फिरण्याची ही मोकळीक आपसूक आलेली नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार बंदी मोडून इथल्याच किंडर स्काउट या डोंगरावर चढले आणि त्यातले काही तुरुंगात गेले. म्हणून नियम मनापासून पाळा. कुंपणाचं फाटक जसं होतं तसं सोडा. माळरानावर शेगडी किंवा बार्बेक्यू अजिबात पेटवू नका; खालचं पीट (कुजलेल्या वनस्पतींची माती) कोरडं असलं की आग जमिनीच्या आत दिवसेंदिवस धुमसते. डबा घरूनच न्या, गावातल्या पबमध्ये शाकाहारी पर्याय मोजकेच असतात.

पावसाळी जॅकेट प्रत्येकाकडे हवं, ऊन असलं तरी. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या. डोंगरात कोणी जखमी झालं तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस मागा आणि त्यांना माउंटन रेस्क्यू हवं म्हणून सांगा. रविवारी बसेस कमी असतात, म्हणून निघण्याआधी शेवटच्या बसची वेळ लिहून ठेवा.