वाचकांचे प्रश्न : वर्गणी संशोधनाला द्यावी की रुग्णाला?

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीतील एका ४६ वर्षांच्या शेजाऱ्यांचे गेल्या वर्षी ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ आम्ही ४ लाख ६० हजार रुपये जमवले आहेत. काही सभासदांच्या मते ही रक्कम गरजू रुग्णांना द्यावी. त्यांच्या पत्नींची इच्छा मात्र ती मेंदूच्या कर्करोगावरील संशोधनास द्यावी अशी आहे. ‘एवढ्याशा पैशाने संशोधनात काय होणार?’ असे सभेत विचारले गेले, तेव्हा सर्वच गप्प झाले. येत्या ८ जूनला, म्हणजे जागतिक ब्रेन ट्यूमर दिनी, उपवन तलावापाशी पदयात्रा व मोफत तपासणी शिबिर घेण्याचाही विचार आहे. मार्गदर्शन करावे.
— सोसायटीचे सचिव, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांना शस्त्रक्रियेनंतर बहुधा सहा आठवडे किरणोपचार आणि सोबत टेमोझोलोमाइड या कर्करोगविरोधी औषधाच्या गोळ्या दिल्या गेल्या असतील. हा उपचारक्रम रूढ झाला तो २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ५७३ रुग्णांच्या अभ्यासानंतर. त्यात केवळ किरणोपचार घेतलेल्यांचा मध्यम जीवनकाल (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) १२.१ महिने होता आणि गोळ्यांची जोड मिळालेल्यांचा १४.६ महिने. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण मात्र सुमारे १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेले, आणि हे यश लहान नव्हते. तरीही दोन दशकांनंतर बहुतेक रुग्णांच्या उपचारांचा पाया तोच आहे, कारण हा आजार हरळीसारखा पसरतो: दिसणारी गाठ काढली तरी तिच्या पेशी भोवतालच्या निरोगी मेंदूत आधीच शिरलेल्या असतात, आणि मेंदूतील रक्तवाहिन्यांची संरक्षक भिंत बहुतेक औषधांना तिथवर पोहोचूच देत नाही. अशा रोगात आज उपलब्ध असलेले उपचार अधिक लोकांना मिळवून देणे आवश्यक आहेच, पण ते पुरेसे नाही. त्यामुळे त्या बाईंच्या इच्छेला भावनेखेरीज विचाराचाही आधार आहे, असे आम्हांस वाटते.

आता ‘एवढ्याशा पैशाने’ काय होते ते पाहू. कनिष्ठ संशोधन अधिछात्राला, म्हणजे नेट उत्तीर्ण होऊन पीएच.डी. करणाऱ्या ‘जेआरएफ’ विद्यार्थ्याला, जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. वर्षाचे, घरभाडे भत्ता वगळून, ४ लाख ४४ हजार होतात. म्हणजे आपल्या वर्गणीत प्रयोगशाळेतील दोन हातांचे एक वर्ष बसते. आणि अशी प्रयोगशाळा शोधायला दूर जावे लागत नाही. टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था खारघरलाच आहे; ठाण्याहून पनवेलची गाडी पकडली की थेट खारघर स्थानक येते. तेथील संशोधकांनी मेड्युलोब्लास्टोमा या मुलांमधील गाठीचा उपप्रकार ओळखण्याची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे की, ती रुग्णालयात मेणाच्या ठोकळ्यात जपलेल्या जुन्या नमुन्यावरही करता येते. या गाठीच्या चार प्रमुख उपप्रकारांपैकी एकाची मुले उपचारांनी बहुधा चांगली बरी होतात, दुसऱ्या एकाची फार कमी. ते आधी कळले, तर कोणाला किती कठोर उपचार द्यावेत याचा विचार करता येतो. असे काम भल्यामोठ्या इमारतीतून नव्हे, तर नमुने, रसायने आणि चिकाटीची माणसे यांतून उभे राहते.

रक्कम देताना ती ‘कर्करोगासाठी’ अशी मोघम न देता, मेंदूच्या गाठींवरील संशोधनासाठी असल्याचे पत्रात स्पष्ट लिहावे, संस्थेच्या नियमांत ते बसते का हे आधी विचारावे आणि वर्षाअखेरीस विनियोगाचा तपशील मागावा. तो मागण्यात संकोच नसावा. सोसायटीने एकत्र धनादेश दिल्यास पावती सोसायटीच्याच नावे निघते. म्हणून ज्यांना ‘८०जी’ म्हणून परिचित असलेली करसवलत हवी आहे त्यांनी थेट संस्थेला द्यावे, २,००० रुपयांवरील रक्कम रोखीने देऊ नये, आणि नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही हेही ध्यानात घ्यावे. सोसायटीबाहेर, तलावाकाठी डबे फिरवून पैसे जमवायचे असतील, तर गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी घेतात तशी परवानगी आपल्यालाही लागेल का, याची धर्मादाय आयुक्त कार्यालयात चौकशी करून ठेवावी.

रुग्णांना मदत द्यावी म्हणणारे सभासदही चुकलेले नाहीत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च भागतो, परंतु गडचिरोलीहून आलेल्या कुटुंबाला सहा आठवडे मुंबईत राहायला लागते, त्या खोलीचे भाडे कोण देणार? आमची सूचना अशी की, जमलेली रक्कम संशोधनाला द्यावी आणि पदयात्रेत जमेल ती निवासासाठी ठेवावी.

तपासणी शिबिर मात्र कृपया घेऊ नये. लक्षणे नसलेल्या माणसांची मेंदूच्या गाठीसाठी सरसकट चाचणी करण्याची शिफारस नाही. शिबिरातून भीती वाढेल आणि अनावश्यक एमआरआय होतील. त्याऐवजी फलकावर लक्षणे लिहावीत : पूर्वी कधीही न आलेली आणि प्रौढ वयात प्रथमच आलेली फिट, एका बाजूच्या हातापायांतील वाढत जाणारी अशक्तता, बोलताना शब्द न सापडणे, आणि सकाळी उठताच होणारी, उलटीसह येणारी, दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी. बहुतेक डोकेदुखी गाठीची नसते, हेही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत असावे. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, कुशीवर वळवून वेळ मोजावी आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रश्न : ८ जूनच्या भित्तिपत्रकावर ‘मोबाइलमुळे मेंदूचा कर्करोग होतो’ असे मुलांनी लिहिले आहे. ते ठेवावे का?
— शिक्षिका, ऐरोली

उत्तर : काढावे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये मोबाइलच्या लहरींना ‘कर्करोगकारक असू शकतील’ अशा गटात ठेवले होते, हे खरे आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. मुलांनी मोबाइल कमी वापरावा यासाठी डोळे, झोप आणि अभ्यास ही कारणे पुरेशी आहेत. त्या ओळीच्या जागी, एखाद्या मुलाला वारंवार सकाळी उलट्या होत असतील आणि चालताना त्याचा तोल जात असेल, तर ते केवळ ‘पित्त’ समजून सोडू नये व बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, असे पालकांसाठी लिहून घ्यावे.