आईच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी एकर विकू नका

औसा तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय: 72 वर्षांची आई अंगणात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. लातूरच्या खासगी दवाखान्याने 2,20,000 रुपये सांगितलेत. हाताशी 40,000 आहेत, घरात 20 क्विंटल सोयाबीन. सावकार महिन्याला 3 टक्क्यांनी द्यायला तयार आहे. की एकरभर रान विकावं?

रान विकू नका. भावनेपोटी म्हणत नाही, हिशोबच तसा आहे. असं ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत व्हायला हवं. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की छातीत कफ होतो, पाठीला जखमा होतात. खरेदीखताचे पैसे त्या वेळात हातात येत नाहीत, आणि नड ओळखून गिऱ्हाईक भाव पाडतं ते वेगळंच.

आजच आधार कार्डावरचं वय बघा. 70 पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. आपल्याकडे म्हाताऱ्यांची जन्मतारीख 1 जानेवारी टाकून अंदाजाने लिहिलेली असते, म्हणून कागदावर 68 निघाले तर बिचकू नका. रेशनकार्ड घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत विचारा. ऑपरेशनच्या आधी मंजुरी लागते. पैसे भरून मग कार्ड दाखवण्यात अर्थ नाही. तुमचा दवाखाना योजनेत आहे का आणि हेच ऑपरेशन तिथे योजनेतून होतं का, हे आरोग्यमित्राला (योजनेतल्या दवाखान्यात बसणारा योजनेचा मदतनीस) किंवा 155388 या हेल्पलाइनवर विचारा. नसेल तर लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला न्या. तिथल्या गर्दीला नाक मुरडणारे नातेवाईक बिल भरायला येत नाहीत.

योजनेत बसलंच नाही तर सोयाबीन काढा. भाव 300 रुपयांनी वाढेल म्हणून थांबलात तर 20 क्विंटलला 6,000 मिळतील. सावकाराकडून दीड लाख उचलले तर दोन महिन्यांचं व्याजच 9,000. उरलेल्या रकमेला घरातलं सोनं बँकेत तारण ठेवा. दवाखान्याला आधी विचारा, 2,20,000 मध्ये बसवायच्या कृत्रिम सांध्याची किंमत किती आणि देशी सांधा बसवला तर किती कमी होईल.

हातातले 40,000 मात्र मोडू नका. वॉकर, कमोडची खुर्ची, व्यायाम करवून घेणारा माणूस, तपासणीच्या खेपा आणि तुमची बुडणारी मजुरी, हे सगळं त्यातूनच जाणार आहे.