निवडणूक हरल्यावर पक्ष नवा प्रदेशाध्यक्ष कसा निवडतो? साध्या कार्यकर्त्याला कुणी विचारतं का?

विचारतात हो. मलाही विचारलं होतं. दीड मिनिट लागलं असेल.

पक्षाचं नाव लिहीत नाही. तेव्हाची निम्मी माणसं आता दुसऱ्या पक्षांत आहेत आणि उरलेली माझ्याकडून उधारीवर खत नेतात. परभणी जिल्ह्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी विधानसभेला आमचं पानिपत झालं, जुन्या अध्यक्षांनी नैतिक जबाबदारी घेतली आणि नवा अध्यक्ष निवडायला प्रदेश प्रतिनिधींची मुंबईत बैठक लागली. मी त्या साली तालुक्याचा प्रतिनिधी. फोटोचं ओळखपत्र, गळ्यात फीत. बायकोने नवा नेहरू शर्ट शिवून घेतला. मी आणि माझे साडू देवगिरीच्या जनरल डब्यात संडासाजवळ बसून गेलो. रात्रभर वहीच्या कागदावर मुद्दे काढले. तिकिटं अर्जाच्या आदल्या रात्री का ठरतात? बूथवर बसायला माणूस का मिळत नाही? कापसाच्या भावावर आपला एकही पुढारी का बोलला नाही? आणि हरल्यानंतर तालुक्याला एक फोनसुद्धा का आला नाही?

सभागृह गच्च भरलेलं. दिल्लीहून निरीक्षक आलेले. एका ज्येष्ठाने उठून एका ओळीचा ठराव वाचला: नवीन अध्यक्ष नेमण्याचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना देण्यात येत आहेत. दुसऱ्याने अनुमोदन दिलं. "सर्वांना मंजूर?" मागून "मंजूर, मंजूर" सुरू झालं. मी कागद काढून उभा राहिलो. खरंच राहिलो. साडूंनी माझ्या शर्टाचा बाजूचा खिसा धरून खाली ओढलं. "बसा साडूभाऊ, जिल्हा परिषदेचं तिकीट घालवता काय!" खिसा शिवणीसकट त्यांच्या हातात आला. मी बसलो. आणि सगळ्यांबरोबर हातही वर केला. हे घरी आजतागायत सांगितलेलं नाही.

मग पुरी, बटाट्याची भाजी, जिलबी. संध्याकाळची गाडी. अध्यक्ष कोण झाले ते तीन आठवड्यांनी दुकानात पेपर आला तेव्हा कळलं.

आता तुमचा प्रश्न. २०२४ चंच बघा. २३ नोव्हेंबरला निकाल लागला, काँग्रेसने शंभरावर जागा लढवून १६ आणल्या. तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले स्वतः साकोलीत २०८ मतांनी वाचले. नवे अध्यक्ष हर्षवर्धन सपकाळ जाहीर झाले थेट १३ फेब्रुवारीला. मधले पावणेतीन महिने टीव्हीवर रोज वेगळी नावं चालली, त्यात मी तरी सपकाळांचं नाव ऐकलं नव्हतं. माणूस वाईट नसावा, बुलढाण्याची जिल्हा परिषद सांभाळून आमदार झालेला आहे. पण निवडला कुणी? त्याच दिवशी विधिमंडळ नेतेपद वडेट्टीवारांना. दोघेही विदर्भाचे. अशोक चव्हाणांनंतर मराठवाड्याकडे प्रदेशाध्यक्षपद फिरकलेलं नाही, पण तो विषय काढला की मला रक्तदाबाची गोळी घ्यावी लागते.

कागदावर म्हणाल तर काँग्रेसच्या घटनेप्रमाणे प्रत्येक ब्लॉकमधून एक प्रतिनिधी निवडून जातो आणि हे प्रतिनिधी प्रदेशाध्यक्ष निवडतात. कागद फार सुंदर आहे. प्रत्यक्षात दिल्लीने नेमलेले प्रभारी येतात, बंद खोलीत पाच-पाच मिनिटं मतं ऐकतात, वहीत लिहून घेतात आणि वही दिल्लीला जाते. पवारसाहेबांच्या राष्ट्रवादीत १० आमदार उरले. जून २०२५ मध्ये त्यांचे प्रदेशाध्यक्ष जयंत पाटील भर कार्यक्रमात 'मला मोकळं करा' म्हणाले आणि जुलैत शशिकांत शिंदे आले. भाजपवाल्यांनी हसू नये. ते तर जिंकलेले होते, तरी १ जुलै २०२५ ला रवींद्र चव्हाण प्रदेशाध्यक्ष झाले ते एकट्याच्याच अर्जावर. ठाकऱ्यांच्या शिवसेनेत हा प्रश्न पडतच नाही, तेवढा त्यांचा वेळ वाचतो.

आमच्या साडूंचं म्हणणं असं की मतदान घेतलं की पक्ष फुटतो. हे ते गेली कित्येक वर्षं प्रत्येक बारशाला, प्रत्येक तेराव्याला मला ऐकवतात. मी म्हणतो, २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. तिथे कुठे मतपेटी ठेवली होती? उलट २०२२ च्या ऑक्टोबरात काँग्रेसने राष्ट्रीय अध्यक्षासाठी पेटी ठेवली. खर्गेंना ७,८९७ मतं पडली, थरूरांना १,०७२. दुसऱ्या दिवशी थरूर पक्षातच होते. यावर साडू म्हणतात, "निकाल आधीच माहीत होता." असू दे की. एक हजार माणसांना दुसरा कुणी हवा होता एवढं तरी कळलं. आमच्या त्या बैठकीत किती लोकांना काय हवं होतं हे देवालाही कळलं नाही.

माझा भाचा कॅनडात मिसिसागाला असतो. तिथल्या ओंटारिओ प्रांतात लिबरल पक्ष २०२२ मध्ये ८ जागांवर आला, नेता स्वतःच पडला आणि निकालाच्याच रात्री पायउतार झाला. पुढच्या वर्षी पक्षाने ठरवलं की नेता आता थेट सभासद निवडतील. पसंतीक्रमाने मतं, आणि प्रत्येक मतदारसंघाला सारखं वजन, म्हणजे शहरातल्या गठ्ठा मतांत खेड्यातला माणूस वाहून जात नाही. बॉनी क्रॉम्बी तिसऱ्या फेरीत ५३ टक्क्यांवर निवडून आल्या. २०२५ च्या निवडणुकीत त्याही स्वतःच्या जागेवर पडल्या. सप्टेंबरात बाईंनी नेतेपदी राहावं का यावर पक्षाने कौल घेतला, ५७ टक्के बाजूने पडले आणि बाईंनी तेवढं कमी मानून पद सोडायचं जाहीर केलं. आपल्याकडे ५७ टक्क्यांवर गुलाल उधळून जेसीबीने फुलं टाकली असती.

हे सगळं मी साडूंना एका लग्नाच्या पंगतीत ऐकवलं. ते म्हणाले, भाच्याला फोन लावा, त्याने कुणाला मत दिलं विचारा. लावला, तोही स्पीकरवर. भाचा म्हणाला, "मामा, सभासद होतो, पण त्या दिवशी पोराची पोहण्याची स्पर्धा होती, गेलोच नाही." नंतर बघितलं तर लाखाच्या वर सभासद असून मतं पडली तेवीस हजारांच्या आत. तेव्हा हेही लिहायला हवं की मत देऊन सगळं भागत नाही, आणि सभासद नोंदणीत पैसेवाले माणसं भरतात हा आक्षेप तिथेही आहेच. पण न जाणं वेगळं आणि गेलेल्याला खाली ओढणं वेगळं. हे साडूंना पटत नाही.

तुम्ही स्वतः कार्यकर्ते असाल तर एवढं करा. बैठकीत ठराव वाचायच्या आधी बोला, वाचून झाल्यावर माईक मिळत नाही. आपले मुद्दे लिहून निरीक्षकाच्या हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आणि शेजारच्या खुर्चीवर नातेवाईक बसवू नका.

जिल्हा परिषदेचं तिकीट? ते चारच दिवस आधी पक्षात आलेल्या ठेकेदाराला मिळालं. साडू मात्र बाजार समितीवर संचालक झाले, आणि पुढे एका रात्रीत दुसऱ्या पक्षात गेले. जाताना मला विचारलं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "वरून ठरलं." त्यांची मुलगी या साइटवर असते, हे उत्तर वाचेलच. बाळा, बाबांना सांग, खिसा त्यांच्याकडेच राहिलाय. शर्ट मी अजून ठेवलाय.