अंदमान, जीटी आणि आठ फुटी रॉड: तिकीट काढायच्या आधी हे वाचा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की तुम्ही अन् तुमचा मित्र फेब्रुवारीत नागपूरहून अंदमानला चार दिवस जीटी, म्हणजे जायंट ट्रेव्हली हा समुद्रातला मोठा मासा, पकडायला जाऊन राहिले, त्यासाठी आठ फुटी सिंगल पीस (तुकडे न होणारे, सलग) गळाचे रॉड घेऊन ठेवलेत, आणि स्वस्त पडतं म्हणून चेन्नईपर्यंत एका कंपनीचं अन् तिथून पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) दुसऱ्या कंपनीचं असं वेगवेगळं तिकीट काढणार आहात, तर रॉड पोचतील का. पोचणार नाहीत असंच धरून चाला. मी तीन वर्षांपूर्वी अगदी हेच केलं होतं, म्हणून एवढं लांब लिहून राहिलो. पॉपर, जिग ही खोटी आमिषं, एफजी नॉट ही दोरीची गाठ, हे तुम्हाला येत असेलच, त्यात जात नाही.

आमचेही दोन रॉड सिंगल पीसच होते. प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणला, दोन्ही टोकांना टोपणं, आत जुनी चादर. नागपूरला काउंटरवर जास्तीचे पैसे घेतले, फ्रॅजाइलचं स्टिकर लावलं, झालं. पण तिकिटं वेगळी असली की सामान आपोआप पुढे जात नाही, मधल्या विमानतळावर पट्ट्यावरून उचलून बाहेर यायचं आणि दुसऱ्या कंपनीकडे नव्यानं जमा करायचं. त्या काउंटरवर म्हणे एवढी लांब वस्तू आम्ही घेत नाही. मी म्हटलं सकाळी तर घेतली, तर म्हणे ती त्यांची गोष्ट, आमच्या विमानात नाही, तुम्ही कार्गोला जा.

कार्गोच्या ऑफिसचं नाव लिहीत नाही, शहरही नाही. पाइप खांद्यावर घेऊन उन्हात तिथवर गेलो तर आधी म्हणाले रॉडचं बिल आणा. बिल मोबाइलवर होतं, तर प्रिंट पाहिजे. प्रिंट काढून आणली तर ओळखपत्राची झेरॉक्स. ती दिली तर पाइप उघडून दाखवा, आणि उघडून दाखवला तेव्हा सांगितलं की आजची वेळ संपली, उद्या या. अरे हे सगळं पहिल्याच खेपेला एका कागदावर लिहून दिलं असतं तर वेळेत झालं असतं ना! समोर माणूस घामाघूम उभा आहे, त्याचं विमान सुटून राहिलं आहे, आणि हे एकेक कागद आठवून आठवून मागतात. राग अजून गेलेला नाही माझा. शेवटी एका एजंटला साडेसहा हजार देऊन पाइप त्याच्याकडे सोडला आणि पळत जाऊन विमान गाठलं. रॉड आले तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. बोट चार दिवसांची, भाडं चारही दिवसांचं.

पैशाचं दुःख नाही भाऊ. माझा मित्र बँकेत आहे, तालुक्याच्या गावी, दोन वर्षांनी त्याला सलग सात दिवस सुट्टी मिळाली होती. गोसीखुर्दच्या बॅकवॉटरला आम्ही दोघं लहानपणापासून गळ टाकतो, मरळ, रोहू, कतला, पण समुद्रातली मोठी मासोळी एकदा हाताला लागावी हे त्याचं स्वप्न. दुसऱ्या दिवशी बोटीवरच्या भाड्याच्या रॉडवर त्याला जीटी लागला. बोटवाला अंदाजे पंचवीस किलोचा म्हणाला. जीटीची सवय तुम्हाला ठाऊकच आहे, लागल्या लागल्या खाली प्रवाळाकडे धावतो, तेव्हा ड्रॅग (रीलचा दोरी अडवणारा ब्रेक) घट्ट ठेवून तिथल्या तिथे रोखायचा असतो. त्यानं बरोबर रोखला होता. पण रीलवरची ब्रेड (विणलेली दोरी) किती जुनी होती देव जाणे, लीडरच्या (गळाकडच्या जाड दोरीच्या) बऱ्याच वर फट्‌कन तुटली आणि मासा पॉपर तोंडात घेऊन गेला. मित्र बराच वेळ पाण्याकडे पाहत बसला. "त्याच्या तोंडात गळ राहिला बे," एवढंच बोलला. स्वतःच्या रॉडवर, स्वतः बांधलेल्या नव्या दोरीवर हे झालं नसतं, हे तेव्हाही मला माहीत होतं.

तर माझं मत, पटलं तर घ्या. सिंगल पीस रॉड विकून टाका किंवा नागपूरलाच ठेवा. लोक म्हणतात सिंगल पीसचा बाक वेगळाच असतो, असेल, पण घरी राहिलेल्या रॉडच्या बाकाचं काय करायचं? मूठ वेगळी होणारा रॉड घ्या, तोही मोजून, कारण वरचा तुकडाच सहा फुटाच्या आसपास भरतो. बऱ्याच कंपन्यांत चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा असते, म्हणजे हाही त्यात बसत नाही. म्हणून पाइपची मापं देऊन कंपनीला ईमेल करा, उत्तर लेखी घ्या, त्याची प्रिंट खिशात ठेवा. फोनवर 'हो सर, होऊन जाईल' म्हणाले त्याला काही अर्थ नाही.

आणि तिकीट एकाच पीएनआरवर, दोन हजार जास्त लागले तरी. नागपूरला काउंटर सोडायच्या आधी बॅगेच्या टॅगवर आयएक्सझेड लिहिलंय का ते वाचा, तो पोर्ट ब्लेअरचा कोड आहे. मधल्याच शहराचा कोड असला तर तिथंच थांबवा. नियम बदलत राहतात, माझं तीन वर्षांपूर्वीचं आहे, तुमच्या कंपनीचं तुम्हीच तपासा.

वजनाचंही पाहा. पॉपर दीडशे-दोनशे ग्रॅमचा एकेक, जड रील पाऊण-एक किलोची, देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो मिळतात, ते पटकन संपतात. गळ आणि पक्कड चेक-इनमध्येच. बोटवाल्याला मत्स्य विभागाच्या परवानगीचा कागद आधीच व्हॉट्सअॅपवर मागा, आणि हवा बिघडून बोट निघाली नाही तर पैसे परत की दुसरा दिवस, तेही लिहून घ्या. फेब्रुवारी चांगलाच आहे, पण काही कारणानं मेवर ढकलू नका, मान्सून तिथं मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोचतो, आपल्याकडे यायला जून उजाडतो म्हणून आपल्या लक्षात राहत नाही.

मित्राला बोट लागत असेल तर गोळी आदल्या रात्रीपासून. मी डॉक्टर नाही, कोणती ते तुमच्या डॉक्टरला विचारा. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. आणि किनाऱ्यावरचं प्रवाळ, मेलेलं असलं तरी, उचलून आणू नका, वन्यजीव कायद्यात येतं आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

एक हात जोडून विनंती, ट्रेबल (तीन टोकांचा) गळ काढून सिंगल लावा आणि त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका. दोरी तुटलीच तर काटा नसलेला गळ माशाच्या तोंडातून निघायची शक्यता जास्त असते. आम्ही चौथ्या दिवशी तसंच केलं. त्या दिवशी वारा होता, मित्राला लहानसा एक मिळाला, आठेक किलोचा, दोन्ही हातांनी आडवा धरून लगेच पाण्यात सोडला त्यानं.

तुमच्या रॉडची बंद पाइपसकट लांबी इथं लिहा, मी मेल केला होता त्याचा मजकूर देतो. तोवर तिकीट काढू नका.