पाळत, देखरेख की फोटोहजेरी?

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: रोजगार हमीच्या कामावर मोबाइल अ‍ॅपनं घेतात त्या हजेरीविरुद्ध बायांच्या सह्यांचं निवेदन तहसीलदारांना द्यायचंय, त्यात ‘पाळत’ लिहावं, ‘देखरेख’ की ‘निगराणी’?

ताई, ‘देखरेख’ नकोच. त्या शब्दात काळजी आहे; आजीच्या देखरेखीखाली नातू वाढतो. देखरेखीला विरोध केलात तर साहेब लगेच म्हणतील, मग कामाकडे कोणी पाहायचंच नाही काय? ‘निगराणी’ फारसीतून आलेला, अर्थानं त्याच वळणाचा.

‘पाळत’ झणझणीत आहे खरा, पण त्यात चोरटेपणा येतो. ज्याच्यावर पाळत असते त्याला तिचा पत्ता नसतो. इथं मेट, म्हणजे कामावरचा मुकादम, समोर उभं राहून फोटो काढतो, म्हणजे या एका शब्दावर बोट ठेवून तुमचं अख्खं निवेदन उडवून लावता येईल. कुणाच्या फोनवरून ती कुठं आहे हे तिच्या नकळत नोंदलं जात असेल, तर तिथं मात्र बेलाशक ‘पाळत’ लिहा.

मी ‘फोटोहजेरीची सक्ती’ लिहीन. केंद्रानं हे अ‍ॅप मे 2021 मध्ये आणलं आणि 1 जानेवारी 2023 पासून वैयक्तिक लाभाची कामं सोडून सगळीकडे सक्तीचं केलं. दिवसातून दोन फोटो, वेळ आणि ठिकाणासकट. आपल्याकडे मजुरी मापावर. उन्हाच्या आत खोदकाम उरकलं, तरी दुसऱ्या फोटोसाठी बाई तिथंच ताटकळत बसते. कामावर कानावर येतं ते असं: “फोटूत आली का वं?” “नाही आली त खाडा.” खाडा म्हणजे गैरहजेरी, आणि इथं तो घाम गाळलेल्या बाईच्या नावावर पडतोय. निवेदनात हेच शब्द घाला, ‘काम करूनही खाडा’. अर्थ विचारायला कुणाला शब्दकोश उघडावा लागणार नाही.

(‘हजेरी घेणे’ म्हणजे खरडपट्टी काढणे, हा अर्थ उगाच आला नसावा.)

अ‍ॅपच्या बाजूनं ‘पारदर्शकता’ हा शब्द पुढे करतात. तो सोडून देऊ नका. 2005 च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम 17 नं सामाजिक अंकेक्षणाचं काम ग्रामसभेकडे दिलं. म्हणजे मस्टर (हजेरीपट), बिलं, मापं गावानं मागून तपासायची. तिथं पाहणारा मजूर होता, आता कॅमेऱ्यापुढे उभा राहणाराही तोच. हा फरक एका ओळीत तरी मांडाच.

तुमच्या मसुद्यातलं ‘सामुहिक सौदेबाजी’ बदला. समूहावरून ‘सामूहिक’, मू दीर्घ. आणि मराठीत ‘सौदेबाजी’ला दलालीचा वास येतो, ‘सामूहिक वाटाघाटी’ लिहा. सह्या करणाऱ्या बायांनी मिळून बोलायचा हक्क मागितलाय, भाव ठरवलेला नाही.

‘वापसी’ चालेल का, हेही विचारलंत. चालेल. 2021 मध्ये राज्यातल्या अंगणवाडीताईंनी निकृष्ट सरकारी फोन परत केले, तेव्हा ‘मोबाइल वापसी’ हेच नाव पडलं. शब्द हिंदीच्या वळणाचा आहे, पण विदर्भात त्याला कोण परका म्हणेल?