कित्तूरचा थॅकरे आणि आपले ठाकरे

प्रश्न : कित्तूर उत्सवाला गेलो असताना मुलाने विचारलं, राणी चन्नम्मांच्या लोकांनी मारलेला कलेक्टर थॅकरे आणि महाराष्ट्रातले ठाकरे एकाच घराण्यातले का? इंग्रजीत दोन्ही आडनावं तंतोतंत सारखी लिहितात. मला उत्तर देता आलं नाही. आणि एखाद्या आडनावाचं मूळ शोधायचं तर सुरुवात कुठून करायची?
— एक वाचक, बैलहोंगल

उत्तर : नाही, रक्ताचा काडीचाही संबंध नाही. खानापूर तालुक्यातल्या हायस्कुलात इतिहास शिकवत होतो तेव्हा चन्नम्मांचा धडा आला की हाच प्रश्न वर्गात हटकून यायचा. तुमच्या मुलाला तो पडला याचा मला मनापासून आनंद झाला.

आधी कित्तूरचा माणूस. सेंट जॉन थॅकरे हा धारवाडचा कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट. बेळगाव जिल्हा वेगळा झाला १८३६ साली, त्यामुळे त्या वेळी कित्तूरचा कारभार धारवाडकडून पाहिला जाई. सप्टेंबर १८२४ मध्ये कित्तूरचे देसाई वारले. त्यांचं दत्तकविधान थॅकरेने मान्य केलं नाही आणि तो तोफा घेऊन कित्तूरला येऊन बसला. २३ ऑक्टोबरला किल्ल्याचं फाटक बंद दिसलं. त्याने ते उघडायला मुदत दिली. मुदत संपताना फाटक उघडलं खरं, पण आतून कित्तूरचे लोक तुटून पडले आणि थॅकरे तिथेच ठार झाला. त्याचे दोन सहायक, स्टीव्हन्सन आणि वॉल्टर एलियट, राणीच्या कैदेत राहिले. त्यांना तिने नीट वागवलं, ही गोष्ट इकडच्या प्रत्येक पोराला सांगायला हवी. हाच एलियट पुढे दक्षिणेतल्या कानडी शिलालेखांचा मोठा अभ्यासक झाला.

आता आडनाव. ते यॉर्कशरचं, म्हणजे उत्तर इंग्लंडचं. तिथे वॉशबर्न नावाच्या नदीच्या खोऱ्यात टिंबल गावाच्या हद्दीत थॅकरे नावाची जागा होती. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक यॉर्कशरात येऊन स्थायिक झाले, शेती करू लागले, आणि त्यांच्या बोलीतली नावं ओढ्या-टेकड्यांना चिकटली. 'थाक' म्हणजे घर शाकारायचं गवत, लव्हाळं. 'व्रा' म्हणजे कोपरा, आडबाजूची जागा. शाकारणीचं गवत जिथे मिळतं तो कोपरा, एवढंच ते नाव. आपल्याकडे निपाणीकर, नंदगडकर होतात तसंच हे. गावात राहणाऱ्याला कोणी गावावरून हाक मारत नाही, गाव सोडलं की ते नाव मागे लागतं. १३७९ साली त्या भागात डोईपट्टी, म्हणजे माणशी कर, बसवली गेली. तिच्या याद्यांत अशी 'अमक्या गावचा तमका' नावं रांगेने सापडतात.

ती जागा आज दिसत नाही. लीड्स शहराला पाणी द्यायला एकोणिसाव्या शतकात तिथे फ्यूस्टनचा तलाव बांधला, त्यात ती बुडाली. हिडकलच्या धरणात गाव गेलेली हुक्केरीकडची माणसं हे वाचून गप्प होतील. गाव पाण्याखाली गेलं तरी आडनाव मात्र जगभर फिरतं आहे.

ज्या शाखेतून कित्तूरचा थॅकरे आला ती जवळच्याच हॅम्प्स्थ्वेट गावची. तिथला टॉमस थॅकरे शिकला, दक्षिणेकडे गेला आणि १७४६ मध्ये हॅरो शाळेचा मुख्याध्यापक झाला. त्याला सोळा मुलं. एवढ्यांना शाळामास्तराची मिळकत कुठून पुरणार? धाकटा विल्यम मेकपीस १७६६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालला आला, सिल्हेटला कलेक्टर झाला, हत्तींच्या व्यापारात पैसा करून परत गेला. मग त्याचे मुलगे एकामागून एक इकडे आले. थोरल्याच नावाचा विल्यम मद्रासकडे, कंपनीचे अधिकारी टॉमस मुनरो यांच्या बरोबरीने महसुलाच्या कामात. रिचमंड कलकत्त्याला. त्यांचा भाऊ टॉमस १८१४ मध्ये नेपाळच्या लढाईत पडला, आणि सेंट जॉन कित्तूरला. रिचमंडचा मुलगा म्हणजे १८११ साली कलकत्त्यात जन्मलेला प्रसिद्ध कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे. कित्तूरच्या फाटकाशी मेला तो त्याचा सख्खा काका.

आणि हाच कादंबरीकार तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे, जन्म १८८५, पनवेलचे. या लेखकाच्या आवडीपोटी त्यांनी आपलं आडनाव इंग्रजीत त्याच्यासारखं लिहायला घेतलं, असं सांगितलं जातं. म्हणजे सारखेपणा फक्त इंग्रजी स्पेलिंगमधला. आणि तेही स्पेलिंग सगळे थॅकरे पाळत नाहीत. यॉर्कशरात कितीतरी जण मधला स्वर गाळून 'थॅक्रे' लिहितात. लीड्सचा डॉक्टर चार्ल्स टर्नर थॅक्रा हासुद्धा त्याच आडनावाचा. गिरणीकामगारांना आणि कारागिरांना धंद्यापायी कोणते आजार जडतात ते त्याने १८३१ साली लिहून ठेवलं. मला विचाराल तर या आडनावाचा मोठा माणूस तो.

तुमचा शेवटचा प्रश्न. आडनावाचा उच्चार किंवा स्पेलिंग धरून नातं जोडायला जाऊ नका. आधी गाव शोधा, मग त्या गावातून कोण, केव्हा, कशासाठी बाहेर पडलं ते पाहा. इंग्लंडमध्ये यासाठी चर्चची बाप्तिस्म्याची आणि दफनाची वही चाळतात. आपल्याकडे हेळवी आहेत. सुगीनंतर बैल घेऊन दारात येणारा हेळवी नुसता धान्य मागायला येत नाही. तुमच्या घराण्याची वंशावळ त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असते : मूळपुरुष कोण, कुठल्या गावाहून निघाला, कुलदैवत कोणतं, भाऊबंद कुठे पांगले. यंदा आला की त्याला पायरीवरून वाटेला लावू नका. आत बसवा, चहा द्या आणि सगळं वाचायला सांगा. मुलाला शेजारी बसवून लिहून घ्यायला लावा. हेळवी कानडीत वाचतात, पण बैलहोंगलच्या मुलाला त्याची काय अडचण!